‘मुलगा बघेल ना!’

आज धडा नाही. पुस्तकं मिटा. डॉक्टरांकडे गेल्यावर काय बोलायचं, हे पान तुम्हाला तोंडपाठ आहे. एकानं डॉक्टर व्हायचं, एकीनं पेशंट. वर्गात काय सुरेख बोलता! आणि खऱ्या डॉक्टरसमोर बसलात की? तोंडात मिठाची गुळणी. का? तर मुलगा शेजारी आहे. मुलगा बघेल.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या लायब्ररीत माझ्यासमोर बसलेल्यांत एकही अडाणी माणूस नाही. असता, तर माझा आवाज चढला नसता. काका, तुमची नोकरी बँकेत गेली. कर्जाच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचून तुम्ही भल्याभल्यांना परत पाठवलंत. काकू, तुम्ही दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवलंत. तुम्ही तिकडे मागे बसलेले, सातबाऱ्यावरची फेरफाराची नोंद वाचून भाऊबंदांशी कोर्टात भांडलात आणि जिंकलात. आणि औषधाच्या बाटलीवरच्या दोन ओळी तुम्हाला वाचता येत नाहीत? वेड पांघरून पेडगावला कशाला जाता?

इंग्रजी कच्चं आहे म्हणे. बरं. मुलाच्या घरकर्जाचा व्याजदर दशांशचिन्हासकट कोण सांगतं? दुकानाच्या पावतीत एक डॉलर जास्त लागला, तर काउंटरवर जाऊन ‘एक्स्क्यूज मी’ कोण म्हणतं? तिथं बरं इंग्रजी येतं. डॉलरसाठी येतं, किडनीसाठी येत नाही?

आता या ‘मुलगा बघेल’चं एकदा काय ते होऊन जाऊ दे.

तुम्हाला लघवीला थांबून थांबून होते. रात्री चारचारदा उठावं लागतं. डॉक्टर विचारतात, ‘एनी अदर प्रॉब्लेम?’ शेजारी सून. तुम्ही म्हणता, ‘नो, नो. ऑल ओके.’ सुनेसमोर कसं सांगायचं? बरोबर आहे, नाहीच सांगता येत. मग तिला बाहेर का बसवत नाही? काकू, तुमचं अंग बाहेर येतंय, किती महिने झाले? मुलगा दुभाषा म्हणून बसलाय, म्हणून तुम्ही फक्त गुडघे दाखवून परत येता. दुखतं एकीकडे, औषध तिसरीकडे. आणि वर तक्रार काय, तर अमेरिकेतल्या डॉक्टरांना काही कळत नाही.

आणखी एक दुखणं आहे, ते तर तुम्ही कुणालाच सांगत नाही. इथं करमत नाही. दुपारभर घरात एकटं. झोप येत नाही, उगाच रडू येतं. डॉक्टरांच्या कागदावर त्यासाठी वेगळे प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, असे. तो कागद कोण भरतं? मुलगा. ज्यानं हौसेनं तुम्हाला इथं आणलं, तो. त्याच्यादेखत तुम्ही काय टिक करणार? ‘नॉट अ‍ॅट ऑल.’ झाली तपासणी.

मुलगा तरी काय करतो? डॉक्टर पाच मिनिटं बोलतात. तो तुमच्याकडे वळून म्हणतो, ‘काही नाही, आई. गोळी वाढवलीय.’ पाच मिनिटांत डॉक्टर एवढंच बोलले? तुम्हाला शंका येत नाही? येते. पण विचारत नाही. त्यानं घाबरवणारं वगळलं, त्याला न समजलेलं वगळलं, आणि त्याला ऑफिसच्या मीटिंगला उशीर होत होता म्हणून उरलेलंही वगळलं. तो कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणजे हृदयाचा कसला आकडा, हे त्याला तरी कुठून माहीत? (मुलांनाही चार गोष्टी सुनवायच्या आहेत. पण ती शनिवारी सकाळी इथं नाहीत, तुम्ही आहात.)

आणि काही जण तर नातवाला नेतात. बारा वर्षांचं पोर! त्याच्या तोंडून आजीच्या गाठीचा रिपोर्ट ऐकायचा? लाज कशाची वाटायला हवी आणि आपल्याला कशाची वाटते, याचा जरा विचार करा.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे मी सांगून थकले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचं कलम १५५७. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलनं, दवाखान्यानं इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला जाणकार दुभाषा द्यायचा. फुकट. लहान मुलांकडून हे काम करून घ्यायचं नाही. जीवघेण्या प्रसंगी दुसरं कुणी नसेल, तर तेवढ्यापुरतंच. मराठी माणूस समोर नसेल, तर फोनवर जोडून देता येतो. तुम्ही काय म्हणता? ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’ स्वागतकक्षाच्या भिंतीवर निरनिराळ्या लिप्यांत हेच सांगणारा कागद चिकटवलेला असतो. त्याच्याखालच्या खुर्चीवर बसून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात पाठवत असता. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला. तुम्हाला आयतंच कारण सापडलं. ‘आता मागून काय उपयोग?’ काका, आदेशानं काँग्रेसचा कायदा रद्द होत नाही, हे बँकेच्या माणसाला मी समजवायचं?

खरं कारण मला माहीत आहे. ‘उगीच त्यांना कशाला त्रास?’ हे ते कारण. दुसऱ्याला त्रास नको, हा तुमचा शहाणपणा. तो मुलाला अर्धा दिवस रजा टाकायला लावताना कुठं जातो?

मग ती मान. डॉक्टर बोलताहेत आणि तुम्ही दारात आलेल्या नंदीबैलासारखे मान डोलावताय. गुबूगुबू वाजलं की हो. इथल्या माणसाला तुमच्या डोलण्याचा अर्थ एकच लागतो, कळलं म्हणून. तो पुढच्या पेशंटकडे जातो. त्याचं काय चुकलं? एखादी चांगली नर्स म्हणते, आता तुम्ही मला सांगा, घरी जाऊन गोळी कशी घेणार? त्याला इथं ‘टीच बॅक’ म्हणतात. आपण नीट समजावलं की नाही, हे ती तपासत असते. परीक्षा तिची असते, तुमची नव्हे. पण तुम्हाला राग येतो. ‘आम्ही काय लहान आहोत का?’ लहान नसाल, तर सांगा की! दोन वेळा, जेवणानंतर, दहा दिवस. एवढंच तर सांगायचं आहे.

तीनच प्रश्न विचारायचे असतात. मला मुख्य काय झालंय? मी काय करायचं? ते करणं का महत्त्वाचं? इथल्या पेशंटांसाठीच ते प्रश्न तयार केलेत, म्हणजे इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्यासाठीही. कारण त्यांनाही कळत नाही. २००३ साली या देशातल्या प्रौढांची मोठी पाहणी झाली. औषधाचं लेबल, तपासणीचं वेळापत्रक, विम्याचा तक्ता, असलं सगळं सफाईनं हाताळणारे निघाले अवघे १२ टक्के. ३६ टक्के लोक अगदी जुजबी पातळीवर किंवा त्याच्याही खाली. हे ऐकून लगेच चेहरे खुलले! ‘बघा, त्यांनाच येत नाही, मग आम्हाला कुठून येणार?’ असं म्हणायची सोय नाही. यातून एवढंच सिद्ध होतं, की इंग्रजी येणं पुरत नाही. विचारावं लागतं. आणि विचारायला शिकण्याची वेळ तुमच्यावर यावी? सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला हिशेबावरून घाम फोडणारे तुम्ही!

गोळ्यांकडे येऊ.

‘माझी बीपीची पांढरी गोळी.’ असं म्हणालात ना मागच्या वेळी? इथं दुकानदार जेनेरिक औषध देतो. कंपनी बदलली की रंग बदलतो, आकार बदलतो. या महिन्यात पांढरी, पुढच्या महिन्यात पिवळी. म्हणजे तुमची पांढरी गेली. तुम्हाला वाटलं, नवं औषध दिलं. मग भारतातून आणलेली जुनी पण चालू ठेवली. टेल्मा चालूच आणि बाटलीतली टेल्मिसार्टनही चालू. दोन्ही एकच! मग उठताना गरगरतं. मग म्हणायचं, इथली हवा मानवत नाही.

शुगरवाल्यांनी नीट ऐका. ग्लायकोमेट जीपी म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन नव्हे, त्यात ग्लिमेपिराइडही आहे. इथल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड लिहून दिलं, आणि तुम्ही बॅगेतलं पाकीट संपवायचं म्हणून तेही घेतलंत, तर साखर धाडकन खाली येईल. घाम सुटेल, हात थरथरतील, शुद्ध जाईल. आणि हे कशासाठी? चितळ्यांच्या बाकरवडीशेजारी ठेवून आणलेली गोळी वाया जाऊ नये म्हणून!

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. त्याचंच इथलं नाव अ‍ॅसिटामिनोफेन. तेच टायलेनॉल. सर्दीखोकल्याच्या पातळ औषधातही बऱ्याचदा तेच असतं. कॉम्बिफ्लाममध्ये तेच असतं आणि जोडीला आयबुप्रोफेन, जे बीपी आणि किडनीच्या माणसानं विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये. तुम्ही सकाळी क्रोसिन घेता, दुपारी सुनेनं दिलेलं टायलेनॉल, रात्री झोप लागावी म्हणून सर्दीचं औषध, आणि पाठीसाठी कॉम्बिफ्लाम. चार वेगळी औषधं घेतली असं वाटतं. घेतलं एकच, चार दारांनी. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४,००० मिलिग्रॅम ही शेवटची हद्द. त्यापुढं लिव्हर. पाकिटाच्या मागे ‘अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडिअंट्स’ असं ठळक छापलेलं असतं, सगळ्यात वर. बीजगणित शिकवणाऱ्या बाईंना चार आकड्यांची बेरीज जड जावी?

आणि ती चूर्णं. फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, जडीबुटीचं, पूरक असं काही घेता का? तुम्ही लिहिता, ‘नो’. घरी त्रिफळा आहे, अश्वगंधा आहे, गावच्या वैद्यांची बिनलेबलची पुडी आहे, गुडघ्यासाठी कुठली तरी भस्माची गोळी आहे. ‘ते काय औषध आहे का?’ औषध नसेल, तर घेता कशाला? असेल, तर सांगत का नाही? बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं संशोधकांनी तपासली. २००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आयुर्वेद वाईट असं मी म्हटलेलं नाही, उगाच तोंडं वेंगाडू नका. तुमच्या पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि ज्याला तुमच्या रक्तात ते शोधायचंय त्याच्यापासून तुम्ही ते लपवता, एवढंच मी म्हणतेय. डॉक्टर तुमची नालस्ती करतील अशी भीती वाटते. करू देत की दोन मिनिटं!

विमा. ‘पासष्ट झाली, आता मेडिकेअर मिळेल.’ नुसती पासष्ट होऊन मिळत नाही. इथं काम न केलेल्या, ग्रीन कार्डवर आलेल्या माणसाला सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि मग पैसे भरून घ्यावं लागतं. पाहुणे म्हणून आलेल्यांनी प्रवासविम्याच्या कागदात आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते विमानात बसण्याआधी वाचायचं होतं. एलआयसीच्या एजंटला तासभर उभं करणारे तुम्ही. इथं मुलानं क्लिक केलं आणि तुम्ही सही केलीत.

तारखेचं तर बोलायलाच नको. ०३/०४ म्हणजे इथं ४ मार्च. तुम्ही ३ एप्रिलला गेलात. महिनाभर उशिरा. आणि तिथल्या मुलीवर डाफरलात, अर्थात मराठीत. ताप इथं फॅरनहाइटमध्ये, वजन पौंडांत. नातवाचं औषध मिलिलिटरमध्ये, सोबत दिलेल्या मापानं. पोह्यांच्या चमच्यानं नाही! मोठा चमचा १५ मिलिलिटर, लहान ५. चुकलात की पोराच्या पोटात तिप्पट औषध. हे तुम्हाला ठाऊक आहे. मीच शिकवलंय. वहीत लिहूनही घेतलंय. वही कुठं आहे?

आता सगळ्यात संताप आणणारी गोष्ट. छातीत दुखायला लागलं की तुम्ही काय म्हणता? ‘गॅस झालाय.’ कुणी ठरवलं? तुम्हीच. डॉक्टरांकडे गेलात तरी ‘गॅस’ म्हणूनच सांगता. निदान आधी, दुखणं नंतर. अहो, दुखणं सांगा! कुठं, कधीपासून, कसं, चालताना वाढतं का, घाम येतो का, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातं का. एवढे शब्द तुम्हाला येतात. स्वेटिंग, चेस्ट, लेफ्ट आर्म. व्याकरण गेलं खड्ड्यात. दहापैकी किती दुखतं असं विचारलं, की आपल्या काकू म्हणतात, ‘टू.’ चेहरा पांढराफटक, आणि आकडा दोन! सोसण्याचं बक्षीस इथं कुणी देत नाही. दोन म्हणालात की बाकावर बसवून ठेवतील.

आणि मुलगा येईपर्यंत थांबायचं. तो न्यूयॉर्कच्या ऑफिसात. पेन स्टेशनला येणार, गाडी पकडणार, मेट्रोपार्कला उतरणार, पार्किंगमधून गाडी काढणार. तोवर तुम्ही सोफ्यावर, तोंड एका बाजूला गेलेलं. मेंदूत गुठळी झाली, तर ती विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. घड्याळ मुलाच्या गाडीसाठी थांबत नाही. ९११ लावायचा. ‘बिल किती येईल?’ येईल, जबर येईल. पण १९८६ पासून कायदा आहे. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून, सावरून घेतल्याशिवाय हॉस्पिटलला हाकलता येत नाही, पैसे असोत वा नसोत. बिलाचं नंतर बघता येतं. न्यू जर्सीत चॅरिटी केअर आहे, त्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज करायला माणूस मात्र जिवंत लागतो.

९११ वर काय सांगायचं? पत्ता. घराचा नंबर, रस्ता, गाव. मघाशी एकेकाला विचारलं तर निम्म्यांनी ‘ते देवळाच्या मागे’ म्हणून सांगितलं. अँब्युलन्सवाल्याला देऊळ विचारत फिरवणार आहात?

कुणीतरी म्हणालं, ‘बाई, या वयात आता काय शिकायचं?’ या वयातच तुम्ही फोनवरून भारतात पैसे पाठवायला शिकलात. या वयातच यूट्यूब बघून खमण शिकलात, तेही गुजराती शेजारणीपेक्षा चांगलं. तुम्हाला शिकता येत नाही, हे खोटं आहे. तुम्हाला म्हातारं होऊन बसणं सोयीचं झालंय. निर्णय मुलाचा, चूक डॉक्टरची, आणि आपण सुटलो. इकडे शरीर मात्र तुमचंच आहे. मूत्रपिंड मुलाच्या नावावर करता येत नाही.

मान खाली घालू नका, मला नको ते. फोन काढा. डॉक्टरांच्या ऑफिसचा नंबर लावा. आज शनिवार आहे, मशीन उचलेल. उचलू दे, त्याला तर लाजायचं कारण नाही. तीन वाक्यं आहेत. ‘माय नेम इज’ आणि नाव. मग जन्मतारीख. मग, ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर फॉर माय अपॉइंटमेंट.’ बीप वाजला की बोलायचं. काका, तुम्ही आधी. मोठ्यानं. हं, नाव झालं. आता जन्मतारीख.

नाही, काका. महिना आधी. परत लावा.